कुत्र्यांना काठावर आतडी टाकू नका

मंडळी, गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. समुद्रकिनारा, पिवळसर रानकुत्रा, आणि एक जण त्याला हातानं मासा भरवतोय. खाली बरेच जण ‘वा वा’ म्हणाले. मला तर धडकीच भरली.

ही रानकुत्री म्हणजे डिंगो. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेझर बेटावर ती राहतात. बेटाला आता त्याचं मूळ नाव परत मिळालंय, उच्चार ‘गरी’. (कोकणात गळाला गरीच म्हणतात, हा आपला योगायोग.) तिथं डिंगोला खायला घातलं तर जबर दंड बसतो. कारण २००१ साली तिथं डिंगोंनी नऊ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. मग सरकारनं तीसेक डिंगो मारले. पोरही गेलं, कुत्रीही गेली. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की जनावराची भीती मोडते. आधी मागायला येतं, नाही मिळालं की अंगावर येतं.

म्हणून तिथं डिंगो बघायचा तो लांबून, पोरं हाताशी धरून. जवळ आलाच तर पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे, हात छातीशी, आणि हळूहळू मागं सरकायचं. आपल्याकडच्या टोळीपुढंही पळू नयेच.

पण आपल्या कामाचं पुढं आहे. तिथल्या मासेमारांनी मच्छीची घाण निदान ५० सेंटीमीटर खोल पुरायची आणि आमिष बंद डब्यात ठेवायचं, असा नियम आहे.

आपण काय करतो? मच्छी साफ केली की डोकी, आतडी तिथंच काठावर. उज्जैनात कुत्रा म्हणजे काळभैरवाचं वाहन. त्याला घास घालू नका असं मी कशाला म्हणेन? आपल्या दारी घाला, भाऊ. काठावरच्या घाणीवर दहा-बारा कुत्री जमतात, आपण घरी जातो, आणि सकाळी शाळेची पोरं तिथूनच जातात. टाकणारा एक, चावा दुसऱ्याला. ‘आपली कुत्री ओळखीची आहेत’ म्हणता, पण २०२८च्या सिंहस्थात येणाऱ्या यात्रेकरूला ती कुठं ओळखतात?

येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. मच्छी साफ करायची जागा एकच ठरवू, तिथं खड्डा आणि झाकणाचे दोन ड्रम. एक ड्रम माझ्याकडे रिकामा पडलाय, दुसरा कोण देतंय ते सांगा.