'आढळले नाहीत' म्हणजे 'नाहीत' नव्हे

तपासणीच्या अहवालात 'परजीवी आढळले नाहीत' असे वाचले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण न आढळणे आणि नसणे यांत फार अंतर आहे. शागास रोगाविषयी वाचताना हे मला प्रकर्षाने जाणवले.

ब्राझीलमधील लासांस या गावी रेल्वेचे काम चालू होते. तेथील मलेरिया आटोक्यात आणायला गेलेल्या कार्लोस शागास या डॉक्टरांनी १९०९ साली हा रोग शोधला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा एक किडा रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावतो, म्हणून तिथले लोक त्याला 'न्हावी' म्हणतात. त्याच्या विष्ठेतून परजीवी अंगात शिरतो. पुढे कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही, आणि मग दहांतल्या दोघातिघांचे हृदय बिघडते.

अशा हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सूज दिसे, परजीवी मात्र क्वचितच. म्हणून शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटत असावे, असे अनेक तज्ज्ञांना वाटू लागले. १९९० च्या दशकात पीसीआर तपासणी आली आणि त्याच सुजलेल्या भागांत परजीवीचा डीएनए सापडू लागला. यात नवल नाही. स्लाइडवरचा काप मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो. एवढ्या मोठ्या हृदयातल्या त्या कापात परजीवी नेमका यावा कसा? पीसीआर मात्र परजीवीच्या डीएनएमध्ये हजारो वेळा आलेला भागच शोधते, त्यामुळे थोडासा अंशही हाती लागतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. या रोगामुळे हृदय बदललेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. त्यामुळे दबून बसलेला परजीवी पुन्हा डोके वर काढू शकतो. नव्या हृदयाच्या बायॉप्सीत सूज दिसली, तर ती शरीराने हृदय नाकारल्याची की परजीवीची? दोन्ही दिसायला सारख्याच, उपचार मात्र उलटे. पहिल्यात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, दुसऱ्यात परजीवीवर बेन्झनिडाझोल द्यायचे. इथे चुकलो तर औषधच शत्रूला बळ देणार.

म्हणून माझे मत असे, की अशा रुग्णांच्या बायॉप्सीला पीसीआरची जोड नेहमीच असावी. एकाऐवजी अनेक तुकडे घ्यावेत. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो, म्हणून एखादा तुकडा त्यात न बुडवता राखावा. तपासणी जितकी तीक्ष्ण, तितकी बाहेरून आलेल्या कणानेही ती फसते, तेव्हा दरवेळी परजीवी नसलेला नमुनाही सोबत तपासावा. शिवाय डीएनए मिळाला म्हणजे सूज त्याचीच, असेही नाही. अनुभवी डोळ्याची गरज उरतेच.

खर्च वाढेल, हे खरे. हा रोग मातीच्या घरांत राहणाऱ्या गरिबांचा, म्हणून त्यावर पैसा खर्चायला हात आखडतो, हेही खरे. पण एवढी मोठी शस्त्रक्रिया करून शेवटच्या चाचणीत काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

आणि एक काम तर बिनखर्चाचे आहे. अहवालात 'परजीवी नाहीत' असे न लिहिता 'या तुकड्यात आढळले नाहीत' असे लिहावे. दोन शब्द जास्त पडतील, पण डॉक्टर पुन्हा शोधायला लागेल.