किशोरींचे आरोग्य : पाकिटे मोजणारे प्रशासन

जिल्हास्तरीय आढावा बैठकीत किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा विषय बहुधा एका आकड्याच्या रूपाने येतो : या तिमाहीत सॅनिटरी नॅपकिनची किती पाकिटे वाटली? आकडा उद्दिष्टाच्या आसपास असला की विषय संपतो आणि बैठक पुढे सरकते. नसला, तर पुरवठादार, निविदा, गोदाम आणि वाहतूक यांवर दहा मिनिटे चर्चा होते. महाराष्ट्राबाहेर, हिंदी भाषक प्रदेशात मी अशा बैठकांना बरीच वर्षे बसले आहे. या आकड्याच्या पलीकडे एखादी मुलगी आहे, तिचे पोट दुखते, तिचा रक्तस्राव थांबत नाही, किंवा सोळावे सरत आले तरी तिला पाळीच आलेली नाही, हा मुद्दा बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी क्वचितच पाहिला.

पाकिटांचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून १७ राज्यांतील १०७ जिल्ह्यांत मासिक पाळी स्वच्छता योजना सुरू झाली. सहा नॅपकिनचे पाकीट सहा रुपयांना आशा कार्यकर्तीने घरोघरी विकायचे आणि पाकिटामागे तिला एक रुपया मिळायचा, अशी रचना होती. ज्या शब्दाचा उच्चार घरात कुजबुजत व्हायचा, तो शब्द शासकीय परिपत्रकात आला, छापला गेला, गावच्या सभेत वाचला गेला. ही गोष्ट लहान नव्हती. पुढे महाराष्ट्रात अस्मिता योजना आली (२०१८), जनऔषधी केंद्रांतून २०१९ पासून एक रुपयाला एक नॅपकिन मिळू लागले, आणि २०१७ साली लावलेला १२ टक्के वस्तू व सेवा कर वर्षभरात मागे घ्यावा लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटात पाळीच्या काळात स्वच्छ साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. शासनाला आपली पाठ थोपटून घ्यायची असेल तर येथे जरूर घ्यावी.

मात्र त्याच पाहणीतील दुसरा आकडा शेजारी ठेवून पाहावा. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण याच काळात ५४.१ टक्क्यांवरून ५९.१ टक्क्यांवर गेले. नॅपकिन वाढले म्हणून रक्त घटले असा अर्थ कोणी काढणार नाही. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत : निकृष्ट आहार, जंत, वारंवार येणारा हिवताप, कोठे सिकलसेल, कोठे थॅलेसेमिया. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी देण्याचा कार्यक्रमही आहे. परंतु गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, याची पूर्वकल्पना कोणी दिलेली नसते. मग गोळ्या मुठीत जातात आणि मुठीतून खिडकीबाहेर. या सर्व कारणांच्या यादीत एक कारण असे आहे की जे विचारल्याखेरीज कळत नाही, आणि विचारण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यसूचीत ठळकपणे लिहिलेले नाही. ते म्हणजे पाळीत होणारा अतिरिक्त रक्तस्राव.

किती म्हणजे अतिरिक्त? मुलीला हे ठाऊक असण्याचा काही मार्ग नसतो. तिच्याजवळ तुलनेसाठी फक्त आई असते, आणि आई म्हणते, मलाही असेच व्हायचे. वैद्यकशास्त्राचे उत्तर अवघड नाही. पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. या वयात दोन पाळ्यांमधील अंतर २१ ते ४५ दिवस असू शकते, आणि स्राव सात दिवसांपर्यंत चालतो. पण सात दिवसांहून अधिक काळ स्राव होत असेल, तासा-दोन तासांत नॅपकिन भिजत असेल, रात्री उठून बदलावे लागत असेल, तर तपासणी झाली पाहिजे. अशा काही मुलींमध्ये रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असतो आणि पाळी ही त्याची पहिली खूण ठरते. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तरीही तपासणी हवी. दर महिन्याला पोटात कळा येतात पण स्राव होत नाही, अशा मुलीच्या योनिमार्गाचे मुख जन्मतः बंद असू शकते. लहानशा शस्त्रक्रियेने ते मोकळे होते, परंतु निदान होईपर्यंत तिच्यावर भगत-ओझ्यांचे प्रयोग होऊन गेलेले असतात. शाळा बुडवायला लावणारी पोटदुखी ही 'बाईच्या जातीची' म्हणून सोसायची गोष्ट नव्हे. साध्या वेदनाशामक गोळीने बहुतेकींना आराम पडतो, आणि ज्यांना पडत नाही त्यांच्यात एन्डोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील लव आणि वाढते वजन यांमागे पीसीओएस असू शकतो. आपल्या देशात क्षयरोग गर्भाशयापर्यंत पोहोचून पाळी बंद पाडतो, हेही विसरता येत नाही.

एकदा एका जिल्ह्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या तपासणीला गेले होते. ही निवासी विद्यालये २००४ च्या योजनेतून उभी राहिली. शाळा सोडलेल्या, दूरच्या वस्तीवरच्या मुली तेथे राहून शिकतात. वसतिगृहाच्या अधीक्षिकेने नॅपकिनची साठा-नोंदवही अभिमानाने पुढे ठेवली, आणि ती खरोखरच नमुनेदार होती. तारीख, मुलीचे नाव, पाकिटे, सही. पाने चाळताना एक नाव पुनःपुन्हा दिसले. इतर मुलींना महिन्याला एक पाकीट आणि हिला तीन, कधी चार. अधीक्षिकेची तक्रार वेगळी होती : ही मुलगी पाकिटे जपून ठेवते आणि सुटीत घरी बहिणींना नेऊन देते, हिला समज द्यावी. माझ्यासोबत तालुक्याच्या महिला वैद्यकीय अधिकारी होत्या. त्यांनी मुलीला बाजूच्या खोलीत नेले, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, गाडी लागेल." मुलीचे हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली होते. जिल्हा रुग्णालयात तिला रक्त द्यावे लागले, आणि रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावे लागले.

त्या नोंदवहीत मुलीचा आजार महिनोन्महिने तारीखवार लिहिलेला होता. पण ती वही साठ्याची होती. लेखापरीक्षक ती वाचतो, डॉक्टर वाचत नाही. माझ्या मते आपल्या सगळ्या यंत्रणेचे चित्र या एका वहीत आहे. वस्तू मुलीपर्यंत पोहोचते. वस्तूच्या उलट दिशेने, मुलीकडून यंत्रणेकडे, काहीच प्रवास करत नाही.

यंत्रणा नाही असेही नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्यात एक महिला डॉक्टर असावी असे मार्गदर्शक सूचनांत आहे. किशोरवयीन मुलींच्या तपासणी-पत्रकात पाळी उशिरा येणे, अनियमित असणे, पाळीत दुखणे, लघवीला जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव हे रकाने छापलेले आहेत. म्हणजे दिल्लीत बसून कोणीतरी नीट विचार केला होता! पण हे रकाने भरले कसे जातात? वर्गात रांग लागते, शिक्षक नावे पुकारतात, मागे मैत्रिणी उभ्या असतात, महिला डॉक्टरचे पद रिक्त असते किंवा त्या रजेवर असतात, आणि टेबलामागचे गृहस्थ वर न पाहता विचारतात, "महीना ठीक आता है?" मुलगी मान हलवते. होकाराची की नकाराची, याने काही फरक पडत नाही. रकान्यात 'निरंक' पडते. अशी शेकडो 'निरंक' एकत्र येऊन जिल्ह्याचा अहवाल होतो, आणि त्या अहवालानुसार आमच्या मुलींना पाळीचा काहीही त्रास नसतो.

दुसरी व्यवस्था किशोर स्वास्थ्य केंद्रांची. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि रुग्णालयांत किशोरांसाठी वेगळी खोली, समुपदेशक व फलक आला. फलक बहुतेक ठिकाणी आहे. खोली मात्र प्रसूतीपूर्व तपासणीच्या रांगेला लागून असते. अविवाहित मुलगी त्या रांगेशेजारी बाकावर बसली की गावाने जे समजायचे ते समजून घेतलेले असते. आपल्या आरोग्य खात्याला स्त्री दिसते ती गरोदर झाल्यावर. त्याआधी ती मूल असते, नंतर माता. मधली सात-आठ वर्षे कोणत्याच कार्यक्रमाची नसतात. २०१३ च्या माता-बालक आरोग्य धोरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांतही किशोरवयाचे अक्षर सर्वांत शेवटी, अधिक चिन्हानंतर जोडलेले आहे. लघुरूपे कधी कधी धोरणाहून अधिक प्रामाणिक असतात. आणि "लग्न झाले की सगळे ठीक होईल" हा सल्ला आज्या देतात तसा पदवीधर डॉक्टरही देतात. मी तो इंग्रजीतूनही ऐकला आहे.

स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत हे राज्यकर्त्यांना १८८५ मध्येच कळले होते, म्हणून डफरिन फंड निघाला आणि देशभर जनाना रुग्णालये उभी राहिली. परप्रांतातील मराठी वाचकांना आठवण असावी की डॉ. रखमाबाईंनी आपले आयुष्य सुरत आणि राजकोटच्या अशाच रुग्णालयांत घालवले. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारणारी ती स्त्री. जी अडचण तेव्हा ओळखली गेली, तिचे उत्तर आज महिला डॉक्टरच्या रिक्त पदाच्या आकड्यात शोधावे लागते.

आसामात पहिल्या पाळीला तुलोनी बिया करतात, तामिळनाडूत हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालून नातेवाईक जमवतात, ओडिशात रज-पर्वाला धरतीचीच पाळी मानून नांगर थांबवतात, आपल्याकडे एकेकाळी मखरात बसवत. लाजेमुळे मुली बोलत नाहीत हे खरे, पण जेथे पाळीचा उत्सव होतो तेथेही मुलीला डॉक्टर मिळत नाही. तेव्हा सर्व दोष 'समाजाच्या मानसिकते'वर टाकून खात्याने मोकळे होऊ नये. सुशिक्षित घरांतही फार वेगळे नाही. बडोदे, इंदूर, बेंगळुरू येथील आपल्या मराठी कुटुंबांत मुलीला उत्तम प्रतीचे नॅपकिन आणून दिले जातात, दहावी-बारावीच्या वर्षात मात्र दर महिन्याची असह्य पोटदुखी 'परीक्षा होऊ दे, मग बघू' या सदरात जाते.

कायद्याचीही एक गाठ आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराखालील मुलीच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हेतू संरक्षणाचा. परिणाम असा की पाळी चुकलेली सतरा वर्षांची मुलगी, मग ती प्रेमात पडलेली असो वा आईबापांनीच लग्न लावून दिलेली, सरकारी दवाखान्याऐवजी गल्लीतल्या अप्रशिक्षित व्यक्तीकडे जाते. २०-२४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे हीच पाहणी सांगते, म्हणजे हा अपवादाचा प्रश्न नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल माझ्या पाहण्यातील किती प्राथमिक केंद्रांत पोहोचला होता? एकाही वैद्यकीय अधिकाऱ्याने मला तो आपणहून सांगितला नाही.

या वयात न विचारलेल्या प्रश्नांचे काय होते ते बीडने २०१९ साली दाखवले. ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कामाचे खाडे, मुकादमाचा दंड, खासगी दवाखान्यांचा लोभ ही कारणे आहेतच. पण पाळीचा त्रास झाला की उपचार असतात, गर्भाशय काढणे हा शेवटचा उपाय असतो, हे त्यांना सोळाव्या वर्षी कोणी सांगितले असते तर तिशीत त्यांनी डॉक्टरला चार प्रश्न विचारले असते.

यावर नेहमीचे उत्तर येते : स्त्रीरोगतज्ज्ञ कोठून आणायचे? हे उत्तर मला पटत नाही. या वयाच्या बहुतेक मुलींना तज्ज्ञ लागत नाही, आतून तपासणीही लागत नाही. प्रश्न विचारणारी एक प्रशिक्षित परिचारिका, हिमोग्लोबिन मोजण्याचे साधन, लोहाच्या व वेदनाशामक गोळ्या, आणि कोणाला पुढे पाठवायचे याची अर्ध्या पानाची यादी एवढे पुरते. उपकेंद्रांवर आता सामुदायिक आरोग्य अधिकारी आहेत, त्यांतील बऱ्याच परिचारिका आहेत. वसतिगृहाच्या साठावहीत 'महिन्याला दोनपेक्षा अधिक पाकिटे' असा एक रकाना वाढवून ते नाव परिचारिकेला कळवण्याची सूचना आम्ही त्या जिल्ह्यात काढली. खर्च शून्य होता. शाळेच्या तपासणीत पाळीचे प्रश्न वर्गात न विचारता वेगळ्या खोलीत, एकेकीला, शिक्षकांच्या अनुपस्थितीत विचारावेत, आणि त्या दिवशी महिला डॉक्टर नसेल तर तो रकाना 'निरंक' न भरता रिकामा ठेवावा, हीसुद्धा खर्चाची बाब नाही. रिकामा रकाना निदान खरे बोलतो.

राहिली वेळेची गोष्ट. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो आणि दुपारी बंद होतो, शाळाही साधारण त्याच वेळेत भरते. शाळा बुडवल्याशिवाय आणि घरी कारण सांगितल्याशिवाय मुलीला दवाखाना गाठता येत नाही. किशोर केंद्र आठवड्यातून दोन दिवस तीन ते पाच उघडे ठेवावे आणि त्याचा दरवाजा प्रसूती विभागाच्या बाजूने नसावा, यासाठी वित्त विभागाची सहमती लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या सहीचे एक पानी आदेशपत्र पुरते.