मर्फ्याचा नाद परका नव्हे

आफ्रिकी संगीताचा व संस्कृतीचा सप्ताह बीड शहरी भरवावा, असे कोणी सुचविल्यास 'त्या दूरच्या तालाशी आपला संबंध काय?' असा प्रश्न येथे सहज विचारला जाईल. त्याचे उत्तर आमच्याच इतिहासात आहे. हा मुलूख एके काळी ज्या निजामशाहीत होता, तिचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला व गुलाम म्हणून विकला गेला. त्यानेच पुढे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली आणि जमीनमहसुलाची घडी बसविली. १६२६ साली तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. १९४८ पर्यंत बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे निजामाच्या आफ्रिकी पथकातील सिद्द्यांनी आपले वाद्यसंगीत जपले. त्यांचा मर्फा हैदराबादेच्या वरातींत आजही वाजतो. गुजरातेतील सिद्द्यांची धमालही त्याच वारशाची.

असे असता आफ्रिकी विद्यार्थ्यास 'हबशी' म्हणून हिणवणारे व त्यास खोली नाकारणारे लोक आमच्या देशातील शहरांत आढळावेत, ही लाजिरवाणी गोष्ट होय. सभागृहात टाळ्या आणि दारात नकार, असा सप्ताह व्यर्थ आहे. तो अवश्य भरवावा. मात्र पहिले निमंत्रण आपल्या सिद्दी कलावंतांस जावे, त्यांस परदेशी पाहुण्यांइतकेच मानधन मिळावे, आणि शाळांतून मलिक अंबराचे चरित्र सांगितले जावे. ज्याच्या कर्तृत्वाचे फळ मराठवाड्याने चाखले, त्याच्या देशबांधवांस परके लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल.