तालमींच्या अंगणात रिंग हवी

सौदी अरेबियातील जेद्दा येथे ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत भारताने पहिल्याच सामन्यात जॉर्डनला जादा वेळेपर्यंत झुंजवले. सामना ८४-९१ असा हातचा गेला. पुढे चीन आणि यजमान सौदी अरेबिया यांच्यापुढे आपला निभाव लागला नाही आणि गटातील तिन्ही सामने हरून संघ परतला. अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाने चीनला ९०-८९ असे अवघ्या एका गुणाने हरवत सलग तिसऱ्यांदा चषक जिंकला. ज्या जॉर्डनने आपल्याला रोखले, त्याची लोकसंख्या महाराष्ट्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी आहे. तरीही तो देश २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकात खेळला. १४० कोटींच्या भारताला ते अजून साधलेले नाही.

गुणवत्तेची उणीव हे त्याचे कारण नाही. १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला होता. १९८० मध्ये आपण मॉस्को ऑलिंपिक खेळलो. २०१४ मध्ये वुहानमध्ये चीनला चीनच्याच भूमीवर ६५-५८ असे हरवले. २०१७ मध्ये बंगळुरूत महिला संघाने कझाकस्तानवर दोन गुणांनी मात करून आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती आणि पुढे तिने देशाचे नेतृत्वही केले. असे पराक्रम घडतात, पण त्यांची परंपरा होत नाही. व्यावसायिक लीग सुरू होतात आणि बंद पडतात. २०१५ मध्ये तर राष्ट्रीय महासंघातच दोन गट पडले. या सगळ्यात वरचे बारा खेळाडू कसेबसे उभे राहतात, त्यांच्या मागची फळी मात्र रिकामीच राहते. जादा वेळेत दमलेल्या खेळाडूच्या जागी तेवढ्याच ताकदीचा दुसरा उतरवावा लागतो. तो राष्ट्रीय शिबिरात तयार होत नाही. तो गल्लीत घडावा लागतो.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे. मुंबईच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या वस्तीत, मस्तान वायएमसीए आणि बच्चूखान मैदानाच्या कोर्टांवर कष्टकऱ्यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली. तिथूनच अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. नागपाड्याकडे ना भव्य संकुल होते, ना पैसा. घरापासून चार पावलांवर कोर्ट होते आणि थोरल्यांचा खेळ पाहत धाकटी मुले शिकत होती, एवढेच.

हे वर्णन कोल्हापूरकराला ओळखीचे वाटेल. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभारले आणि पेठापेठांत तालमी बहरल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम आजही भरते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. खेळ नवा असला तरी पेठेने मनावर घेतले की तो रुजतो, याचा पुरावा दुसरीकडे शोधायची गरज नाही.

बास्केटबॉल तर जागेच्या बाबतीत परवडणारा खेळ आहे. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. एका फुटबॉल मैदानाच्या क्षेत्रफळात अशी सतरा कोर्ट बसतील. तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आला आहे आणि त्याला एकच रिंग व निम्मे कोर्ट पुरते. मोकळ्या जागा आक्रसत चाललेल्या शहरात एवढी जागा महापालिकेच्या शाळांच्या आवारात निघू शकते.

मात्र नुसते कोर्ट बांधून भागणार नाही. उद्घाटनाची फीत कापली गेली, जाळी फाटली, रिंग वाकली आणि पुढे तिथे वाहने लागली, ही गत अनेक सार्वजनिक मैदानांची होते. म्हणून कोर्टाची जबाबदारी त्या भागातील तालीम किंवा मंडळाकडे द्यावी. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून केवळ बांधकाम नको, प्रशिक्षकाचे मानधनही निघावे. शालेय स्पर्धेत मुले एक-दोन सामने खेळून वर्षभर घरी बसतात; त्याऐवजी फुटबॉल हंगामासारखी पेठांची वार्षिक साखळी स्पर्धा हवी. त्यात मुलींचा गट पहिल्याच वर्षापासून असावा, कारण आशियात गेल्या दशकात चषक आणून दाखवला तो मुलींनी.

२०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद भारताला हवे आहे. त्या वेळच्या भारतीय संघात खेळू शकणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. महापालिका, जिल्हा प्रशासन आणि तालमींनी एकत्र बसून येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी प्रत्येक पेठेत किमान एक रिंग उभी करावी. कुस्ती आणि फुटबॉल जगवणाऱ्या या शहराला एवढे अवघड नाही. आता ते करावे.