निदान कोणाच्या ऐपतीचे?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या खेड्यांसाठी ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्यविमा उभारला. सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, गरजेप्रमाणे उपचार घ्यावेत, हे त्याचे सूत्र. वर्धा जिल्ह्याचे हे सूत्र आजच्या कर्करोगचिकित्सेला लावून पाहिले पाहिजे.

जठराच्या कर्करोगात साधारणतः पाचांपैकी एका रुग्णाच्या गाठीत हर-२ या प्रथिनाचे प्रमाण अतोनात वाढलेले असते. गाठीचा तुकडा तपासून ते ओळखता येते आणि त्याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध देता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्याने अशा प्रगत अवस्थेतील रुग्णांच्या हयातीचा मध्यक ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. लाभ बेताचा खरा. परंतु तो कोणाला मिळावा, हे पैशाने ठरता कामा नये.

रोश कंपनीने २०१३ मध्ये भारतातील पेटंट सोडून दिले, त्यानंतर देशी समरूप औषध बाजारात आले. २०१५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ट्रास्टुझुमॅबचा समावेश झाला. तथापि औषधाची किंमत उतरली म्हणजे प्रश्न मिटला, असे नव्हे. ज्या शेतमजुराच्या गाठीची प्रथिनतपासणीच झाली नाही, त्याच्या लेखी यादीतले औषध असून नसल्यासारखेच! तपासणी, औषध आणि उपचारकाळात बुडालेल्या मजुरीची भरपाई या तीन मागण्या नसून एकच मागणी आहे. कार्यकर्त्यांनी ती ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत लावून धरली पाहिजे.