सही एकटी पडू देऊ नका

मैत्रिणींनो, बचत गटाचा अर्ज वर्डमध्ये लिहिला, तळेरे बाजारपेठेत छापून आणला, आणि सह्या तेवढ्या दुसऱ्या कोऱ्या पानावर! अशा कागदावर सही करूच नये. वर कुणी काय लिहील, नेम नाही.

अक्षर बारीक करू नका, बँकेतल्या साहेबांनाही चष्मा असतो हो! आधी कागद 'लेटर' असेल तर 'ए-फोर' करा. उंची साधारण 18 मिलिमीटर वाढते. 'मंगल' फॉन्ट ओळींमध्ये फार जागा खातो. लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' निवडून 12च्या अक्षराला 18 पॉइंट द्या. वेलांट्या कापल्या गेल्या तर 19.

तरीही मावेना? मग शेवटच्या परिच्छेदाआधी कंट्रोल-एंटर दाबा, म्हणजे मजकूर सह्यांसोबत जाईल. आणि दुकानात पीडीएफच न्या. तिथे तोच फॉन्ट नसला की सारी मांडणी पुन्हा हलते.