पक्का पगार कोणाचा?

परवा नात आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून म्हणाली, "आजी, दोन नोकऱ्या आल्यात. कुठली घेऊ?"

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेली बाई. मला फायनान्समधलं काय कळणार? पण तिने विचारलं याचाच आनंद झाला. गॅस बंद करून बसले ऐकायला.

एक नोकरी मोठ्या बँकेच्या मुंबईतल्या ऑफिसात. पगार भरघोस, पीएफ, विमा, सगळं व्यवस्थित. दुसरी पुण्यात, बारा माणसांच्या स्टार्टअपमध्ये. छोट्या दुकानदारांच्या उधारीचा हिशेब ठेवणारं काहीतरी ते बनवतात. पगार बराच कमी आणि उरलेल्याची भरपाई म्हणून शेअर. मन अर्थातच पुण्याला. ते सांगताना तिचे डोळे चमकत होते.

संध्याकाळी घरात चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं: बँक! का? तर फ्लॅटचा हप्ता आहे, "आणि एकाचा तरी पक्का पगार नको का घरात?"

हे वाक्य ऐकलं आणि मी थेट १९८२ सालात गेले.

माझं लग्न वडिलांनी ठरवलं ते 'पक्की नोकरी' बघूनच. हे गिरणीच्या हिशेबखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ह्यांची गिरणी काही परत धड चालू झाली नाही. पक्की म्हणतात ती नोकरी किती पक्की असते, हे मी तेव्हा शिकले. पुढे २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षांची अमेरिकन बँक बुडाल्याचं वाचलं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही.

मग ह्यांनी धंदा करायचं ठरवलं. पहिला बुडाला, दुसराही बुडाला. स्टेशनरीचं दुकान तिसरं, ते मात्र चाललं. सगळे म्हणायचे, काय धाडसी माणूस! होतेच धाडसी. पण दर महिन्याला घरात येत होता तो माझा शाळेचा पगार.

१९८४ मध्ये शाळेतल्या एका सहकारी बाईंनी शिकवणीचे वर्ग काढले. मला म्हणाल्या, भागीदार हो. फार वाटलं होतं हो जावं. पण दोघंही अधांतरी लटकलो तर मुलांचं काय, म्हणून नाही म्हटलं. दुकान स्थिरावल्यावर एकदा विषय काढला, तर हे म्हणाले, "आता कशाला?" ते वर्ग छान चालले. तक्रार नाही. पण विसरलेही नाही.

इन्फोसिसची गोष्ट आपण सगळेच सांगतो. १९८१ मध्ये सुधा मूर्तींनी बाजूला ठेवलेले दहा हजार रुपये नवऱ्याला दिले, घर चालवायला नोकरी केली. दोघांपैकी एकानेच कंपनीत राहायचं ठरलं आणि त्या बाहेर राहिल्या. गोष्ट सांगताना आपण दहा हजारांवर थांबतो. मला मात्र त्या नोकरीचंच जास्त वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की धोका पत्करणारा माणूस कोणाच्या तरी पक्क्या पगारावर उभा असतो. त्यात गैर काही नाही. पण पाळी बदलायला हवी. आमच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा हप्त्याची आठवण कोणाला झाली नव्हती. कारण हप्ता बहीण भरत होती!

याचा अर्थ डोळे मिटून उडी मारायची असा नाही. नातीला मी मास्तरकीच्या सवयीने तीन गोष्टी सांगितल्या. एक, आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय जायचं नाही. दोन, कंपनीकडे किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत ते सरळ विचारायचं. तुला कामावर घेणाऱ्याने यावर चिडायचं कारण नाही. तीन, शेअरची किंमत घरच्या हिशेबात शून्य धरायची. तिनेच समजावलं की ते शेअर सहसा चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा काहीच नाही. वर ते आपल्या नावावर घेताना पगारासारखा कर, मग विकले जावोत न जावोत. म्हणजे झाडावरचे आंबे. पेटीत पडेपर्यंत मोजायचे नाहीत.

आणि मुदत दोन वर्षांची. नाहीच जमलं तर तिचं शिक्षण कुठे जात नाही. सत्ताविसाव्या वर्षी परत फिरता येतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाय जड होतात, हे मी घरात पाहिलंय.

हे सगळं मी जेवताना मोठ्याने बोलले. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग नातू ताटाकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं हप्ता मी भरतो. लग्नाच्या ऑर्डरी जास्त घेईन."

नातीने पुण्याला होकार कळवलाय. नातवाचा पहिला हप्ता पाच तारखेला आहे. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.